लामिन बोलला नाही

मोटारींचा ताफा गेला तेव्हा जोसाया केल्फालाचा उजवा हात आपोआप वर गेला. खांद्याच्या उंचीपर्यंत, तळवा किंचित वाकलेला, बोटं जुळलेली. आणि मग तो मनगटातून सावकाश डावीउजवीकडे हलू लागला. चौकात पन्नासेक माणसं होती, पोलिसानं दोर धरून सगळ्यांना कडेला अडवून ठेवलेलं. पुढे दोन मोटारसायकली, मग काळ्या गाड्या, मग शिपायांचा ट्रक, मग धूळ. धूळ खाली बसली तरी हात हलतच होता. शेजारी डोक्यावर भाजक्या शेंगांची टोपली घेतलेली एक बाई उभी होती. ती म्हणाली, "पुरे की, पा! गेला तो मंत्री. तुमच्याकडे बघायला बसलाय होय?" चार जण हसले. पोलीसही हसला. म्हणाला, "पा, सावलीत व्हा. ऊन चढतंय." जोसायानं हात खाली घेतला आणि खिशात घातला, चोरलेलं फळ लपवावं तसा.

आपण मंत्र्याला हात करत नव्हतो, हे कुणाला सांगायचं? हात गर्दीला उत्तर देत होता. तेवीस वर्षांपूर्वी, देश स्वतंत्र झाला त्या दिवशी, याच चौकातून तो उघड्या गाडीत उभा राहून गेला होता, देशाचा पहिला पंतप्रधान म्हणून. झाडांवर, गटाराच्या कठड्यांवर, पोस्टाच्या पत्र्यावर माणसं होती, आणि बायका खांद्यावरची वस्त्रं काढून रस्त्यावर अंथरत होत्या, गाडीनं त्यावरून जावं म्हणून. चौदा महिने तो पंतप्रधान होता. मग सहा वर्षं कैदी. आणि त्यानंतर आजपर्यंत कुणीच नाही. टेकडीवरच्या दोन खोल्यांत राहणारा एक पा, म्हणजे चारचौघांसारखा म्हातारा, ज्याची बायको जेनेबा शेजारच्या पोरींना शिवण शिकवते. एवढ्या काळात या हातानं दगड फोडले, उवा मारल्या, जेनेबाच्या आजारपणात भांडी घासली. आणि तरीही त्यानं ती एक हालचाल कुठेतरी सांभाळून ठेवली होती, मालकाला न विचारता. जुन्या गव्हर्नरच्या एका साहेबानं शिकवली होती ती. फार हलवू नका, दाराची मूठ सावकाश फिरवल्यासारखं करा. जोसाया आरशासमोर उभा राहून दाराची मूठ फिरवत होता आणि मागे पलंगावर आडवा पडून त्याचा मित्र लामिन हसत होता. "अरे, दार उघडतोयस की लावतोयस, ते तरी ठरव!"

लामिनचं नाव मनात आलं तशी त्याला आपण कुठे निघालो होतो ते आठवलं. तो धक्क्यावर निघाला होता. सकाळी रेडिओवर सांगितलं होतं: तोंबो बेटावरच्या तुरुंगात मेलेल्या एकोणीस कैद्यांच्या अस्थी आज दुपारी लाँचनं येतील, नातेवाइकांनी ताब्यात घ्याव्यात. नावं वाचली गेली. नववं नाव लामिन तुराय. जेनेबानं शिवणयंत्राचा पाय थांबवला. म्हणाली, "तुम्ही जाऊ नका." तो वहाणा शोधत राहिला. "लामिनची कुंबा असेल तिथे. सगळ्यांदेखत तिनं पायातली काढली तर?" "काढू दे." "काढू दे म्हणे! मार तुम्ही खाल, आणि मान खाली मी घालू गल्लीत." थोडा वेळ यंत्र चाललं, मग पुन्हा थांबलं. ती उठली, पेटीतून पांढरा सदरा काढला, निखाऱ्यांची इस्त्री फिरवली, आणि त्याच्या अंगावर टाकत म्हणाली, "निदान स्वच्छ दिसा."

वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा सुटला होता. ओठ फुटत होते, समुद्राकडची टेकडी धुरकटून गेली होती. उतारावरून चालताना जोसायाला आपल्या पावलांचा आवाज दोन माणसांच्या पावलांसारखा वाटू लागला. बुंबेच्या मिशनच्या शाळेत ते दोघं मास्तर होते. एका खोलीत राहायचे, दोघांत मिळून एकच बरा कोट. ज्याला पाद्र्यानं बोलावलं असेल त्यानं तो घालायचा. लामिन सडपातळ, उंच, बडबड्या. शाळेच्या बकरीशीसुद्धा दहा मिनिटं बोलायचा. जोसायाचा आवाज मोठा, घुमणारा, पण त्याला वाक्यं सुचायची नाहीत. "तुझा घसा आणि माझी जीभ," लामिन म्हणायचा, "दोन्ही मिळून एक धड माणूस होईल." आणि तसा तो झाला. गावोगाव सभा झाल्या. लामिन रात्र रात्र लिहायचा आणि जोसाया बोलायचा, आणि लोक रडायचे. लोक रडायला लागले की व्यासपीठामागे उभा राहून लामिनही रडायचा, जणू ती वाक्यं तो पहिल्यांदाच ऐकतोय. लामिनचं लग्न झाल्यावर त्याची बायको कुंबा दोघांना जेवायला वाढायची. कसाव्याचा पाला, सुकी मासळी, वर लाल तेल. नवऱ्याच्या मित्राला 'धाकटा नवरा' म्हणायची तिकडे रीत आहे, आणि कुंबा ती रीत पुरेपूर वसूल करायची. "थोरल्यानं लाकडं फोडली, धाकट्यानं पाणी आणलं. दोन नवऱ्यांचं सुख काय असतं ते मला विचारा!" त्यांची लेक फिंडा तेव्हा रांगत होती. जोसायाच्या पोटावर झोपायची.

मग ते सगळं मिळालं. गव्हर्नरचा वाडा, लांब टेबल, टेबलाभोवती अकरा खुर्च्या. अटकेचा कायदा झाला त्या दिवशी फार उकडत होतं. सरकारला वाटलं तर कुणालाही खटल्याशिवाय आत ठेवता येईल, एवढाच कायदा. गोऱ्या पोलीसप्रमुखानं, जो अजून बदलायचा राहिला होता, तो लिहून आणला होता. शहरातल्या गटारांचा ठराव आणि कुत्र्यांच्या परवान्याचा ठराव, या दोहोंच्या मध्ये वीस मिनिटांत तो मंजूर झाला. लामिननंही हात वर केला होता. तो पेंगत होता; आदल्या रात्री त्यानं जोसायाचं भाषण लिहिलं होतं. तुरुंगात जोसायाला हे कितीतरी वेळा आठवायचं आणि आठवून बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याची मग शिसारी यायची.

लामिनला आत टाकलं ते गोदी कामगारांच्या संपात. तो मंत्री असून संपवाल्यांच्या सभेत जाऊन बसला होता. पोलीसप्रमुखानं जाडजूड फाईल आणली. परदेशी पैसा, हत्यारं, रात्रीच्या भेटी. जोसायानं ती शेवटपर्यंत वाचली आणि त्यातल्या एका शब्दावरही त्याचा विश्वास बसला नाही. ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, जेनेबालाही नाही. लोकांना वाटायचं, त्याला फसवलं. जेनेबालाही तसंच वाटायचं. त्याला कुणी फसवलं नव्हतं. फाईल येण्याच्या नऊ दिवस आधी त्यानं मंत्र्यांना सांगितलं होतं की यापुढे पंतप्रधान खोलीत आले की सगळ्यांनी उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी तो आला, सगळे उभे राहिले. लामिनही राहिला. आणि मग तो हसला. तेच जुनं, पलंगावरचं हसू. "उभे राहतो की, जोसाया! पण बसायचं कधी, ते तरी सांग!" बाकीच्यांनी माना खाली घातल्या. कुणी हसलं नाही; पण टेबलाखाली कुणाचा तरी बूट कुणाच्या तरी बुटाला लागल्याचा आवाज जोसायानं ऐकला. बस्स, एवढंच. एका हशासाठी आणि बुटाच्या आवाजासाठी त्यानं सही केली. पेन चांगलं चालत होतं. शाई वाळेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. माळी हिरवळीवर पाणी मारत होता.

दोन महिन्यांनी कुंबाचा अर्ज आला, नवऱ्याला एकदा भेटू द्या म्हणून. तोही त्यानं मंजूर केला. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपण दयाळू आहोत.

त्यानंतर तीनच महिन्यांनी लष्करानं सरकार उलथवलं आणि शिपाई आले. तो न्याहारीला बसला होता. बोटांना पपई लागलेली, तशीच त्यांनी बेडी घातली. नव्या राजवटीनं जुना एकही कैदी सोडला नाही, नवे तेवढे भरले. आणि तोंबो बेटावर त्याला सात नंबरच्या कोठडीत ढकलून दार लावलं, तेव्हा भिंतीपलीकडून, छपराखालच्या वीतभर फटीतून त्याला लामिनचा आवाज ऐकू आला. आठ नंबरमध्ये लामिन होता. तो त्याच्या पलीकडच्या, नऊ नंबरच्या गुरंचोराला काहीतरी सांगत होता आणि चोर खो खो हसत होता. जोसायाला घरी पोचल्यासारखं वाटलं. तो भिंतीला तोंड लावून म्हणाला, "लामिन. मी आहे. जोसाया." बोलणं वाक्याच्या मध्येच थांबलं. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा सुरू झालं, त्याच वाक्यापासून, चोराकडे तोंड करून.

अकरा महिने. रोज सकाळी दार उघडण्याआधी तो हाक मारायचा. लामिन. पलीकडून काही नाही. चौथ्या महिन्यात त्यानं शिव्या दिल्या. तू पण हात वर केला होतास, म्हणाला. सहाव्या महिन्यात रडला. नंतर नुसती हाक. माफ कर, हे शब्द मात्र त्यानं एकदाही उच्चारले नाहीत. तो एकदा ओ देऊ दे, मग म्हणू, असं तो स्वतःला सांगायचा. आणि ते खोटं आहे हेही त्याला कळायचं. लामिन पहारेकऱ्यांशी बोलायचा, चोराशी बोलायचा, पालीशी बोलायचा. पावसाळ्यात त्याला ताप भरला. तीन दिवस तो चोराशी बारीक आवाजात बोलत होता, चौथ्या दिवशी बोलला नाही. खड्डा खणायला चौघांना नेलं. मला न्या, असं जोसाया म्हणाला. नेलं नाही.

धक्क्यावर पोचला तेव्हा लाँच लागलेली होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं घोळक्या-घोळक्यानं उभी होती, फारसं कुणी रडत नव्हतं. एवढ्या वर्षांनी रडायला कुठून सुरुवात करायची, ते कुणाला कळत नव्हतं. एक तरुण कारकून यादी वाचत होता आणि खलाशी एकेक पेटी खाली देत होते. साध्या फळकुटांच्या पेट्या, साबणाच्या खोक्याहून थोड्या मोठ्या. जोसाया मिठाच्या गोदामाच्या भिंतीशी उभा राहिला. लांबूनच बघायचं आणि जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. सुटून आल्यावर दोनदा तो कुंबाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता आणि दोन्ही वेळा परतला होता. आता ती त्याला दिसली. वाळून काठी झाली होती. पेटी तिच्या पायाशी ठेवलेली, आणि ती तिच्याकडे बघत नव्हती. समुद्राकडे बघत होती, अजून काहीतरी यायचं राहिलंय असं. शेजारी फिंडा. लामिनचीच उंची.

पेट्यांबरोबर बेटावरचा एक म्हातारा पहारेकरी आला होता. तो गोदामाच्या सावलीला बिडी ओढायला आला आणि थबकला. "अरे, सात नंबर!" तो आनंदानं ओरडला, जत्रेत गाववाला भेटावा तसा. "जिवंत आहेस होय!" आणि मागे वळून, जोसाया नको नको म्हणत असताना, "ओ ताई, हे बघा! मघाशी विचारत होतात ना, त्यांच्या शेजारी कोण होतं म्हणून? हाच होता. तुमचे आठ, हा सात. मध्ये एक भिंत."

फिंडा पुढे झाली. "तुम्ही?" ती म्हणाली. "इथे यायला पाय कसे उचलले तुमचे? पेटी बघायला आलात? बघा. एवढीशी आहे. तुमच्या टेबलाच्या खणात मावेल."

"फिंडा, बाजूला हो," कुंबा म्हणाली. ती हळूहळू चालत आली, अगदी जवळ. तिच्या पायांत रबरी चपला होत्या. जोसायाचं लक्ष त्यांच्याकडेच लागलं होतं. पण ती वाकली नाही. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, भाजीचा जुना गड्डा कुठे सडलाय ते बघावं तसं.

"शेजारी होतास?"

"होतो."

"किती दिवस?"

"अकरा महिने. शेवटपर्यंत."

"मला कुणी सांगितलं नाही. तू बेटावर होतास एवढंच ठाऊक होतं." तिचा आवाज बारीक झाला. "शेवटी काय म्हणाला तो तुला?"

फिंडानं तोंड फिरवलं होतं, पण तीही ऐकत होती. तिचे खांदे ऐकत होते. जोसायाच्या तोंडात वाक्यं तयार झाली. आयुष्यात पहिल्यांदाच लामिनच्या मदतीशिवाय, तीन सुंदर वाक्यं. तो म्हणाला, मी कुणावर राग धरत नाही. तो म्हणाला, कुंबाला सांग. तो म्हणाला, फिंडाला शिकव. कोण शोधायला जाणार होतं? गुरंचोर मेला होता. कुंबाच्या सुकलेल्या चेहऱ्यावर पाणी शिंपडल्यासारखं झालं असतं. त्याचा घसा घुमायला लागलाच होता. त्यानं तो आवरला.

"काही नाही," तो म्हणाला. "लामिन माझ्याशी बोलला नाही, कुंबा. मी रोज हाक मारायचो. एक शब्द बोलला नाही."

"एकपण?"

"एकपण नाही."

"तापात?"

"तापातपण नाही."

कुंबा मटकन खाली बसली, तिथेच, धक्क्याच्या दगडावर. फिंडा धावली, पण तिनं तिला हातानं थांबवलं. वारा तिच्या डोक्यावरचं पांढरं फडकं ओढत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"मी सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "तू भेटीची परवानगी दिलीस ना, तेव्हा. मी म्हटलं, तो येईल. कोट घालून येईल, गोड बोलेल, माफीच्या कागदावर सही घेईल. त्याला एक शब्द द्यायचा नाही. माझी शपथ घे, म्हटलं, फिंडाची शपथ घे. त्यानं घेतली. हसत होता घेताना." ती थांबली. "मला काय ठाऊक, तू उघड्या अंगानं येशील आणि शेजारी पडशील. अन् हा वेडा पाळत बसला. अकरा महिने! अरे, जेवताना घास तोंडात असला तरी बोलायचा तो. बकरीशी बोलायचा. त्याला केवढं जड गेलं असेल!" तिनं दगडावर मूठ आपटली. "तुला शिक्षा द्यायला गेले आणि त्याचंच तोंड शिवलं मी."

जोसाया तिच्यासमोर खाली बसला. गुडघे कुरकुरले. काहीतरी आत सरकत होतं, इतक्या वर्षांत जागचं न हललेलं. "मी हाक मारली ना," तो सावकाश म्हणाला, "की त्याचा श्वास थांबायचा. मला ऐकू यायचं. आणि मग तो चोराशी बोलायला लागायचा, मोठ्यानं. चोर तर भिंतीलाच टेकलेला असायचा, एवढं ओरडायचं काही कारणच नव्हतं. पहारेकरी दरडावायचे त्याला, हळू बोल म्हणून." तो बोलता बोलता थांबला. हे आपल्याला आजवर कसं कळलं नाही? "फटीजवळ उभा राहून बोलायचा तो, कुंबा. माझ्या बाजूच्या फटीजवळ."

कुंबानं मान वर केली. "म्हणजे तू ऐकलंस?"

"सगळं ऐकलं. दुसरं होतंच काय मला?"

"काय बोलायचा?"

"सगळंच. शाळेचं, सभांचं. तुझं. फिंडाचे दात आले त्याचं."

फिंडा आता त्यांच्याकडे वळली होती. वरच्या रस्त्यावर तिनं ठरवलेल्या गाडीचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. तिनं त्याला थांब म्हणून खूण केली, पेटी उचलून आईच्या मांडीशी आणून ठेवली, आणि स्वतः उभीच राहिली. जोसायाशेजारी बसायला ती तयार नव्हती. माफीचा शब्द जोसायाच्या ओठांपर्यंत आला. आला तसा त्यानं तो म्हटला, अगदी हलक्या आवाजात, पेटीकडे बघत. कुंबानं तो ऐकला असावा.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "काही गाळू नकोस. आणि सभेत बोलल्यासारखं बोलू नकोस."

जोसायानं कोरडे ओठ जिभेनं ओले केले. "मला आत टाकलं त्या दिवशी," तो म्हणाला, "तो चोराला तुमच्या लग्नाचं सांगत होता. म्हणाला, बायकोनं पहिल्याच दिवशी भात असा करपवला की हंडी फोडून काढावा लागला. अन् सासऱ्यासमोर मी तो कोळसा खाल्ला, वर आणखी मागितला."

"करपला नव्हता," कुंबा ताडकन म्हणाली. "जरासा लागला होता तळाला. खोटारडा मेला!"

शब्द तोंडातून गेला आणि तिला तो ऐकू आला. तिनं फडक्याचं टोक तोंडावर दाबलं. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय, हे ना जोसायाला कळलं, ना तिच्या लेकीला. फिंडा हळूच खाली बसली. बऱ्याच वेळानं कुंबानं तोंडावरचं फडकं काढलं, डोळे पुसले आणि एक हात पेटीवर ठेवला.

"पुढे?" ती म्हणाली.